गल्लीचं बोलणं, जाड टायपात

५ मार्च, समरकंद
म्हातारे कायुमअका गुडघ्यांपायी ओक्सोकोलचं पद सोडतायत. नवरोजच्या आधी मोहल्ल्याचा नवा वडीलधारा निवडायचा. म्हणजे मीच. भिंती रंगवत सुरुवात केली, आज अर्ध्या शहराच्या लग्नांचे फ्लेक्स माझ्याकडे छापतात. शिवाय माझे कान!
प्लॅन: दुकान ते चहाखाना रोज चालायचं. जे जिथे ऐकू येईल, ते मोहल्ल्याच्या नकाशावर तिथेच छापायचं. ओरडणं जाड टायपात, कुजबुज बारीक, टोमणा तिरपा. चहाखान्यात लावला की लोक म्हणतील, ह्याच्या कानातून मोहल्ल्याचं काही सुटत नाही.

८ मार्च
स्टँडवर टॅक्सीवाला: "एकच सीट! चला, एकच सीट!" गाडी पूर्ण रिकामी. जाड टाईप.
ऐकण्याच्या नादात महिला दिनाची फुलं विसरलो. आमचं घरही वाटेवरच. बायकोचं, ओयदिनचं बोलणं कागदाबाहेर जातंय.

११ मार्च, सकाळ
तंदूरपाशी सालोमत रोट्या थापत सुनेबद्दल: "चहा देते तोही औषध दिल्यासारखा." शेजारीण: "तुझी रोटी खाल्ल्यावर औषध लागणारच, बाई." दोन्ही तिरपे. झकास.
चहाखान्याचा एर्गाशही उभा राहतोय म्हणे. दिवसभर नुसता चहा ओततो, ऐकतो. नकाशावर त्याच्या जागी पांढरा डाग. बिचारा.

१४ मार्च
मतं मागत फिरलो. प्रत्येकाने हात छातीवर ठेवला, वाकला: "का नाही, शोदमोनअका, खुदाची मर्जी!" सबंध गल्लीभर तेच. सगळ्यात मोठा टाईप.
ओयदिन म्हणाली, आतेभावाच्या पोराचं स्थळ नाकारलंत तेव्हा तुम्हीही असेच वाकला होतात, हेच म्हणाला होतात. तो विषय वेगळा.

१७ मार्च
नकाशा तयार. चहाखान्याची भिंत झाकली. सभ्यपणा म्हणून नाव एकाचंही घातलेलं नाही. फक्त जागा.

१९ मार्च, संध्याकाळ
सभा. आधी लोक खूप हसले. टॅक्सीवाल्याला तर सगळ्यांनी धारेवर धरलं. मग सालोमतची सून वाचत वाचत तंदूरपर्यंत पोचली. मोहल्ल्यात तंदूर एकच आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पुढचं बोलणं नकाशावर मावलं नसतं.
कायुमअका घाईघाईने म्हणाले, शोदमोनसाठी हात वर करा. सगळ्यांचे हात छातीवर. काही जण वाकलेसुद्धा.
मग म्हणाले, एर्गाशसाठी. सालोमतने दोन्ही वर केले. सुनेनेही. त्या दोघींचं एकमत मी घडवलं, हे कुणी बोललं नाही.

२० मार्च
हार-जीत चालायचीच. फेरी चुकवली नाही. स्टँडवर टॅक्सीवाला मुका. तंदूरपाशी नुसता रोट्या थापल्याचा आवाज. अख्ख्या वाटेवर कानावर एकच शब्द: "आला." बारीक टाईप. पण कोपऱ्याकोपऱ्यावर.
चहाखान्यात भिंत मोकळी. नकाशा गुंडाळून कोपऱ्यात. एर्गाशने पेला पुढे केला. मी विचारलं, पुढच्या नवरोजला नवा नकाशा लावू ना?
त्याने किटली खाली ठेवली. हात छातीवर. वाकला. "का नाही, अका. खुदाची मर्जी."
दुकानात येऊन त्याच्या पांढऱ्या डागावर हे मोठ्या टायपात टाकायला घेतलं. मग राहू दिलं.