म्हशीच्या वाट्याची पेज

दिवेआगर, ४ ऑगस्ट १९५८
चुलीतला निखारा आक्काच्या डाव्या पावलावर पडला. तिला कळलं ते वासावरून. "बाळ्या, काय करपलं रे?" थोरली बहीण पंचावन्न वर्षांची, अन् स्वतःचा पाय... पुढे लिहवत नाही.

६ ऑगस्ट
श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे. पायांना टाचणी टोचून पाहिली. दोन्ही मुके.
"स्वयंपाक कसा करता?"
आक्का खुलली. "तांदूळ गिरणीचा. सात पाण्यांनी धुते. भात वेळते, वरचं पाणी काढलं की ती पेज म्हशीला. डाळ शिजेना तर चिमूटभर सोडा."
"म्हैस कशी आहे?"
"ठणठणीत!"
"असणारच. तुमचं बी-एक जीवनसत्त्व तीच खाते."
कोंड्याबरोबर बरंचसं गिरणीतच जातं म्हणे. उरलेलं पाण्यात विरघळतं.
मग कागदावर त्या जीवनसत्त्वाचं चित्र. दोन कडी, मधे एक सांधा. पाणी तापलं की सांध्यावर घाव घालतं, सोडा असला की झटपट. कडी सुटी झाली की शरीराला दोन्ही निरुपयोगी.
म्हटलं, आमच्या भाऊबंदकीत तुटलेले दोन्ही तुकडे निदान कोर्टात तरी जातात.
डॉक्टर हसले नाहीत. "इंजेक्शनं देतो. उशीर झालाय. संवेदना किती परत येईल, सांगत नाही."

७ ऑगस्ट
कोठीच्या दारावर माझा जुना लेख. हातसडीच्या लाल तांदळाची टिंगल, गिरणीच्या शुभ्र भाताची आरती. आक्कानेच कौतुकाने कातरून चिकटवलेला. त्या दिवसापासून घरात उखळ बंद. साप्ताहिकाच्या वाचकांना हसवलं, बहिणीने मात्र मनावर घेतलं.
नखाने खरवडून काढला. अर्धा निघाला.

८ ऑगस्ट
"छापलंस ते खोटं होतं?"
"तेव्हा खरं वाटलं."
"मग डॉक्टरचं कशावरून खरं?"
मी तिच्या पायाकडे बोट दाखवलं. तिने पाय पदराखाली ओढून घेतला. जिंकलो, पण लाज वाटली.
हातसडीचे तांदूळ आणले. एकदाच धुतले. सोड्याचा डबा माळ्यावर. पेज वाटीत.
"म्हशीच्या तोंडचं काढू? तू पी आधी."
प्यायलो. मीठ घालून बरी लागते. मग ती प्याली, तोंड फिरवून.

२१ ऑगस्ट
इंजेक्शनं चालू. पाय तसेच. म्हैस माझ्याकडे बघत नाही.

१२ सप्टेंबर
सकाळी मागल्या दारी किंचाळी. धावलो.
"मेल्या, बघतोस काय! मुंगी चावली!"
"कुठल्या पायाला?"
"उजव्या."
मी पायरीवरच बसलो. ती मुंगीला अन् मला शिव्या देत होती. ऐकत राहिलो.
डावा अजून काही बोलत नाही. उद्या त्याच्याशेजारी गुळाचा खडा ठेवून पाहावा.