मालकांचं नाव काय

जळगाव,
एप्रिल १९५८

प्रिय झुंबर,

अक्काचे तुला पोटभर आशीर्वाद. कार्ड न टाकता पाकीट पाठवलंय ते मुद्दाम. कार्ड तुझ्या हातात पडेपर्यंत पोस्टमनपासून तुझ्या सासूबाईंच्या शेजारणीपर्यंत अख्ख्या एरंडोलाने वाचलेलं असतं. हे तू एकटीने वाच. मागच्या दारी जाऊन बस, कडी लाव, आणि कृपा करून रडू नकोस. तू रडलीस की अक्षरं फिसकटतात, आणि हे एवढं सगळं दुसऱ्यांदा लिहिणं माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्या निंबाजींचं पत्र आलं. तुझ्या गळ्यातली गाठ धुळ्याच्या सर्जनसाहेबांनी पाहिली, दोऱ्याने मानेचं माप घेतलं, फोटो काढला आणि अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की येणाऱ्या सोमवारी ऑपरेशन ठरवलं, असं त्यांनी लिहिलंय. वर हेही लिहिलंय, की अक्कांनी केलं तसंच, तेच साहेब, काळजी नसावी. काळजी नसावी! बाप रे, पुरुषांना हे दोन शब्द कोण शिकवतं कोण जाणे. पत्र वाचलं आणि त्या दिवशी मी पाटीला हात लावला नाही. माझ्या घरात मी पाटीला हात लावला नाही म्हणजे मी अबोला धरला असं समजतात.

पाटीचं तुला ठाऊक आहेच. मुंबईहून आल्यापासून माझं सगळं बोलणं पाटीवर. धाकट्या प्रभाकरची जुनी पाटी आहे, एका कोपऱ्याला फुटलेली. अगं, जिच्या आवाजाला आबा म्हणायचे की धुरपदी इकडे बोलली की तापीच्या पलीकडचे गडी कामाला लागतात, ती मी आता पेन्सिल शोधते. भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. मी सणसणीत उत्तर लिहून पाटी वर करेपर्यंत समोरचं माणूस भांडण संपवून पाणी प्यायला गेलेलं असतं. आणि सोन्याच्या पेठेत राहून माझ्या गळ्यात काय, तर चांदीची नळी! तिच्यातूनच श्वास घेते. ती रोज काढून उकळायची, पुन्हा बसवायची. हे करतात ते सगळं. जिनमधून दमून येतात, हात स्वच्छ धुतात आणि नळी धुवायला बसतात. कापसाचे कण नाकातोंडात घेऊन आलेला माणूस माझ्या श्वासाची नळी अशी निगुतीने पुसतो, की मला बघवत नाही.

तुला आठवतं, आपल्या दोघींच्या गळ्याला मायने एकाच आखाजीला हात लावून पाहिला होता? निंबाच्या झाडाला झोका बांधला होता, मी उभी राहून झोका चढवत होते आणि गौराईची गाणी म्हणत होते, आणि तू नेहमीसारखी पाटावर मुकाट बसलेली. माय म्हणाली, दोघींच्या गळ्यात सुपारीएवढं काहीतरी आहे. आत्या म्हणाली, पाण्याचा गुण आहे, सातपुड्याच्या अंगाला बायकांना होतंच, त्याने काही बिघडत नाही. नाही तरी रावेरच्या वरच्या गावांत गळा फुगलेल्या बायका आपण लहानपणापासून पाहिल्या होत्या. कुणी ठुशी घट्ट घालायचं, कुणी पदर वर ओढून घ्यायचं. माझी सुपारी लिंबाएवढी झाली तेव्हा मीही पदर ओढला.

सर्जनसाहेब माणूस देवासारखा, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तू त्यांना शिव्या देशील. गोव्याकडचे ख्रिस्ती, मराठी मोडकंतोडकं पण गोड. सातपुड्याच्या पायथ्याची गावं पायी हिंडून त्यांनी बायकांच्या माना मोजल्या, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, मीठ कुठलं खाता ते विचारलं. कुठली गाठ साधी आणि कुठली वाईट, वाईट असेल तर किती कापायचं आणि किती ठेवायचं, याचा त्यांना ध्यास. माझी वाईट निघाली. त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, सगळी काढली तर तुम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत जगाल. फक्त गाठीच्या मागून आवाजाची शीर जाते, ती सांभाळायला हवी. म्हणून ते पेशंटला पुरतं झोपवत नाहीत. मानेला सुया टोचून बधिर करतात आणि बोलतं ठेवतात. शीर चिमट्यात आली की आवाज बंद पडतो, की ते लगेच हात काढून घेतात.

मला काय, बोलायचंच काम! गळ्यातली पोत काढून नर्सने मनगटाला बांधली, तोंडावर कापड टाकलं, बाहेरची आया दारातून म्हणाली, ‘बठ्ठं बरं व्हई जाई, माय,’ आणि दार लागलं. आत साहेब आणि परमुलखातली नर्स. दुखत नव्हतं, नुसती ओढ कळायची, विहिरीतून भरली बादली ओढावी तशी. साहेब विचारत होते, मी सांगत होते. गाव कोणतं, मुलं किती, काल काय रांधलं. मी म्हटलं भरीत. कसं करता? मी सगळं सांगितलं, वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची इथपासून. साहेब हसले. मग त्यांचा आवाज बारीक झाला, हात हळू झाले, आणि त्यांनी विचारलं, ‘मालकांचं नाव काय?’

झुंबर, मी गप्प झाले.

तुला हे समजावून सांगायला नको. सांगायचं झालं तर त्या साहेबांना सांगायला हवं, कारण त्यांच्या मिसेस त्यांना चार माणसांदेखत नावाने हाक मारतात. आपापल्या सासूबाईंनी आपल्याला काय शिकवलं? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. लग्नात घेतलं ते उखाण्यात, तेही पाठ करून, करवल्यांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर कधी नाही. शिधापत्रिकेवाल्याने विचारलं तेव्हा मी थोरल्याला पुढे केलं होतं. तिथे टेबलावर पुढे करायला कुणी नव्हतं. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. आणि मी काय करत होते ठाऊक आहे? मी उखाणा जुळवत होते! नुसतं नाव कसं घेणार, म्हणून. ‘सातपुड्याच्या पायथ्याशी केळीचं बन’ इथपर्यंत जुळलं होतं. पुढची ओळ सापडेना. गळा उघडा पडलाय आणि बाई यमक शोधतेय. तिसऱ्यांदा साहेब ओरडलेच, नर्सला इंग्रजीत काहीतरी म्हणाले, आणि ती ओढ एकदम थांबली. त्यांनी हात काढून घेतले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पाणी हवं का? मी म्हटलं हो, चांगलं खणखणीत. साहेबांना किती आनंद झाला! म्हणाले, आला, आवाज परत आला. शीर तिथेच होती, तेवढा तुकडा मी सोडला म्हणून वाचली.

मीही तेच खरं मानलं. मला वाटलं, नाव घ्यायची वेळ टळली आणि आवाजही राहिला, देवीची कृपा. घरी आल्यावर मी कानबाईला नारळ वाहिला. पुढे साहेबांनी मला धुळ्याला बोलावून बाहेरगावच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. मला गायला लावलं, मी गौराईचं गाणं म्हटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्यांना समजावलं, की नाजूक जागी आलं की मी पेशंटला मालकाचं नाव विचारतो, कारण त्याला विचार करावा लागत नाही, ते कुणीच विसरत नाही. आवाज थांबला की थांबायचं, राहील तो तुकडा राहू द्यायचा. माझ्या फोटोसकट त्यांनी त्यावर लेख लिहिला, तो विलायतेला छापून आला म्हणे. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझा गळा विलायतेला गेलाय म्हणून.

राहिलेला तुकडा वर्षभरात वाढला. मुंबईला नेलं, विजेचा शेक दिला, पुन्हा उघडलं. तेव्हा मात्र पुरतं झोपवलं होतं. जागी झाले ती अशी, नळीसकट. आवाजाच्या दोन्ही शिरा गाठीने वेढल्या होत्या, त्या कापाव्या लागल्या. आठवड्याने तिथले मोठे डॉक्टर खाटेशी आले आणि ह्यांना म्हणाले, धुळ्याला तुकडा सोडला ती जागा शिरेपासून चांगली बोटभर लांब होती. तेव्हाच अलगद निघाला असता. मग तिथे आवाज बंद पडलाच कसा? हे म्हणाले, मी बाहेर होतो, हिलाच विचारा. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, हे माझ्याकडे बघत होते, आणि पाटी माझ्या मांडीवर होती. मला त्या क्षणी सगळं कळलं. मी लिहिलं, आठवत नाही.

ह्यांना मी ते कधीच सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ घातली असती, पण त्या गळ्यात आता शपथ घालण्याजोगं काही राहिलेलं नाही. हा माणूस नळी धुताना आधीच खाली मान घालून बसतो. त्याचं नाव तोंडातून निघालं नाही म्हणून ही मरतेय, हे कळलं तर पुढे कुणी त्याला हाक मारली तरी त्याच्या काळजात चर्र होईल. आणि झुंबर, मी मरतेय. निंबाजींना मी बरी असल्याचं कळवलंय, ते खोटं आहे. मानेच्या खाली नव्या गाठी आल्यात, भात गिळवत नाही, नुसती पेज चालते. ह्या आखाजीला मी माहेरी येणार नाही, आणि पुढच्या आखाजीला माझी वाट बघू नका. मला राग येतो, खूप येतो. सासूबाईंचा येतो, साहेबांचा येतो, त्या यमकाचा येतो. माझाही येतो, पण माझी चूक झाली असं मला कुणी म्हटलं तर मी त्याच्या डोक्यात पाटी घालीन. मी जे शिकले तेच केलं. ह्यांचं आयुष्य कमी होऊ नये म्हणून तोंड मिटलं. ह्यांना भरपूर आयुष्य मिळो. फक्त ते माझ्याशिवाय काढतील.

आता तुझं. मी निदान भरताची गोष्ट तरी सांगितली. तू तर नवऱ्याने जेवायला वाढ म्हटलं तरी मानेने हो म्हणणारी. साहेब माझ्यावरून शिकलेत, तुला तेच विचारतील, तुझ्या तोंडून शब्द निघणार नाही, आणि ते तुझ्याही गळ्यात तुकडा सोडून टाके घालतील, अगदी खुशीत. म्हणून हे पत्र. सोमवारी आत जाण्याआधी साहेबांना हे पत्र दाखव आणि सांग, अक्काची शीर बंद पडली नव्हती, अक्का लाजली होती. त्यांना म्हणावं, खान्देशातल्या बाईला त्या वेळी केळीचा भाव विचारा, भाकरी कशी थापतेस ते विचारा, नाव विचारू नका. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. आणि इतकं करूनही त्यांनी सवयीने विचारलंच, तर उखाणा जुळवत बसू नकोस. निंबा म्हण. मोठ्याने म्हण, ते हात काढेपर्यंत म्हणत राहा. काही होत नाही त्यांच्या आयुष्याला. बघ, मी रोज पहाटे हे झोपलेले असताना ह्यांचं नाव ओठांनी म्हणून बघते, नुसता वारा येतो नळीतून, आणि हे धडधाकट आहेत. निंबाजींचं नाव म्हणून झालं आणि साहेब अजून बोल म्हणाले, तर माझ्या घरच्यांचं घे. रुपचंद. नुसतं रुपचंद, राव नाही, काही नाही. एकदा मोठ्याने घे, दाराबाहेर ऐकू जाईल असं. ते माझ्याकडून राहून गेलंय.

तुझीच,
अक्का