महालक्ष्म्यांचं कागदी मंदिर

२० ऑगस्ट
मोठी बातमी. यंदा महालक्ष्म्या आपल्याकडे. दादाचं, म्हणजे थोरल्या बन्सीधरचं, घर बांधकामासाठी उकललंय, म्हणून मायने लग्नानंतर पहिल्यांदाच शिवकन्येच्या हाती सण दिला. बायको हरखून गेली आहे, सकाळपासून सोळा भाज्यांची नावं पुटपुटते आहे. माय म्हणाली, नीट झालं तर पुढच्या सालीही इथंच ठेवू. म्हणजे सगळं डेकोरेशनवर आलं. म्हणजे माझ्यावर.

२१ ऑगस्ट
निर्णय: रेडिमेड काही आणायचं नाही. राजेश्री वहिनींनी मागच्या साली जिंतूरहून प्लॅस्टिकच्या झालरी आणल्या होत्या. आपण कागदी मंदिर करणार. खांब, कमान, घुमट, सगळं घरी. बोरीत आपलं झेरॉक्सचं दुकान आहे, कागदाला तोटा नाही. शिवकन्येचं म्हणणं, तिचा लग्नातला हिरवा शालू मागे लावला तरी लय झालं. मी हसलो.

२२ ऑगस्ट, सकाळी
माप घेतलं. माळ्यावरून लोखंडी कोठ्या काढल्या, महालक्ष्म्यांचं धड म्हणून साडी नेसवतात त्या. उंची मोजली, वर चार बोटं सोडली, छत फिक्स. शिवकन्या काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, माप घेताना बोलू नको, आकडा चुकतो. गेली.

२४ ऑगस्ट
व्हिडिओतली पोरगी वीस मिनिटांत कमान करते. तिला दुकान नसावं. मैद्याची खळ शिजवली. पातेलं आणि पळी आता एकमेकांना सोडत नाहीत. पातेलं दुधाचं होतं असं नंतर कळलं. खांब उभे. १५ ऑगस्टचे उरलेले ताव वापरल्याने तिरंगी झाले. देवीला देशाचं वावडं नसावं.

२६ ऑगस्ट
संकल्प: घुमट झाल्याशिवाय चहा नाही.
थोड्या वेळाने: चहा घेतला. चहाशिवाय घुमट होत नाही.

२८ ऑगस्ट
घुमट झाला! आत बल्ब लावला तर कागदातून अक्षरं दिसायला लागली. दुकानातल्या वाया गेलेल्या झेरॉक्स वापरल्या होत्या. माणिकरावांचा सातबारा, गट नंबरासकट, थेट घुमटावर. शिवकन्या म्हणाली, काढा. मी समजावलं, लक्ष्मी शेवटी शेतातूनच येते, याला थीम म्हणतात.
दादा बघून गेला. जाताना दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. भारावला असावा.

३० ऑगस्ट
पावसाची झड लागली आहे. कागद मऊ पडला, घुमट एका अंगाला कलला. सरळ घुमट काय, कुणीही करतो. शिवकन्येला बघायला बोलावलं. ती पुरणाची डाळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. जरा लागलं मनाला.

३१ ऑगस्ट, दुपारी
आवाहन. तुळशीपासून पावलं उमटवत महालक्ष्म्या घरात आल्या. साड्या नेसवलेल्या कोठ्या मंदिरात उभ्या केल्या. माप तंतोतंत. मी वहिनींकडे बघून घेतलं. मग मायने पेटी उघडली आणि मुखवटे काढले.
मुखवटे.
वर्षभर पेटीत असतात, आजच्या दिवशीच निघतात. मापात मी ते धरलेच नव्हते. छत गळ्यापाशी. दोन्ही लक्ष्म्यांना माझ्या मंदिरात डोकं ठेवायला जागा नाही. मी सुचवलं, छताला दोन भोकं पाडू, मुखवटे वरून बसवू, गच्चीत उभ्या आहेत असं वाटेल. वहिनी तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. मुहूर्त टळायला आलेला. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मात्र फार वाईट वाटलं, खरंच.
माय म्हणाली, "परमेश्वरा, ते उचल आन् भायेर ने."

संध्याकाळी
मंदिर बाहेर, ओट्यावरच्या पत्र्याखाली. आत शिवकन्येने शालू लावला, वहिनींनी टाचण्या पुरवल्या. दोघी हसत होत्या. साधंच आहे. बरं दिसतं.

१ सप्टेंबर
पूजन झालं, पुरणपोळी उत्तम. आता हळदीकुंकू. दिवसभर पाऊस, तरी गावातल्या बाया येतच आहेत. ओट्यावर बसून निरीक्षण केलं: प्रत्येक बाई आधी माझ्या मंदिरापाशी थांबते आणि वाकते. लक्ष्म्या आत, पण पहिला मान मंदिराला. दगडाबाईसारखी खडूस म्हातारी, तीसुद्धा दोनदा वाकली. कलाकाराला आणखी काय हवं?

२ सप्टेंबर, सकाळी
शिवकन्येला निरीक्षण सांगितलं. ती म्हणाली, "चपला भिजू न्हाई म्हणून बाया त्याच्याखाली सोडायल्या, वो."
दगडाबाई दोनदा का वाकली ते कळलं. दोन पाय आहेत.

दुपारी
विसर्जन. मुखवटे पेटीत ठेवता ठेवता मायने जाहीर केलं की पुढच्या सालीही लक्ष्म्या इथंच. शिवकन्या तिच्या पाया पडली आणि उठताना रडली. वहिनींनी तिला जवळ घेतलं. मलाही भरून आलं. म्हटलं, आता अनुभव आहे, पुढच्या वेळी छत वाढवू, दोन घुमट करू.
माय म्हणाली, "पुढल्या साली सणाचे तिन्ही दिवस तू दुकान उघडं ठिव."
सणाच्या दिवशी बोरीत झेरॉक्स काढायला कोण येणार, असं मी विचारलं. सगळ्या भांडी आवरायला आत गेल्या.