हो म्हणालं कोण?

कोल्हापूर,
सोमवार, २१ फेब्रुवारी २००५

प्रिय प्रभुलिंग,

येत्या रविवारी आपली सुपारी फुटायची आहे, आणि आपल्या दोघांपैकी हो कोण म्हणालं हे मला अजून कळलेलं नाही. हसू नकोस. आठ दिवस मी त्याचाच तपास करतेय. घरात लाडवांचा वास सुटलाय, आईनं तुझ्या बोटाचं माप मागवलंय, आणि मी पॉलिटेक्निकच्या पोरांचे पेपर तपासताना एकाच पेपरला दोनदा मार्क देऊन बसले. परवा फोनवर विचारणारच होते. तर तू ‘बोल’ म्हणालास, मी ‘नाही, तू बोल’ म्हटलं, आणि बंगळूरच्या हवेबद्दल बोलून आपण फोन ठेवला. दोघंही इंजिनिअर! म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवतेय.

माझ्या बाजूनं काय झालं ते आधी सांगते. महिन्यापूर्वी अण्णासो काका जेवताना म्हणाले, शिवाजी पेठेतलं एक स्थळ आहे, मुलगा बंगळूरला असतो, तुझ्याच वर्गात होता म्हणे. मी भाकरी मोडत होते. काय बोलावं सुचेना, म्हणून आमटी घ्यायला उठले. एवढंच. दुसऱ्या दिवशी काकांनी तुझ्या मल्लव्वा आत्यांना कळवलं की मुलीची ना नाही. आत्यांनी तुमच्या घरी सांगितलं की मुलगी तयार आहे. संध्याकाळी तिकडून निरोप आला, मुलगाही तयार आहे. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी अजून आमटीपाशीच उभी होते.

हे सगळं आपण आधी एकदा पाहिलंय असं मला सारखं वाटत होतं. कुठे ते मंगळवारी आठवलं. हुपरीत. शेवटच्या वर्षाचा आपला प्रोजेक्ट. पैंजणाचं काम एका घरात होत नाही, एक घर कड्या करतं, दुसरं जोडतं, तिसरं घुंगरू लावतं, म्हणून आपण दोन प्रोग्राम लिहिले होते. एक दुकानदाराच्या वतीनं काम विचारणार, दुसरा कारागिरांच्या वतीनं उत्तर देणार, मध्ये माणूस नाही. सर त्यांना एजंट म्हणायचे आणि वर्ग विचारायचा, कमिशन किती? दुकानदारानं तुला सांगितलं होतं, आमच्याकडे आम्ही चांदी कारागिराच्या उंबऱ्यात ठेवतो, घरच्या बाईनं ती परत केली, तरच नकार. काही बोलली नाही तर काम घेतलं. तू तो रिवाज जसाच्या तसा प्रोग्राममध्ये घातलास. ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, तर होकार.

आणि मग तानाबाईंचं घर. चाळीस जोडांना घुंगरू लावायचे होते. दुकानाच्या प्रोग्रामनं विचारलं, दुसऱ्यानं तानाबाईंच्या उत्तराची वाट पाहिली, ते आलं नाही, म्हणून हो सांगितलं. पहिल्यानं पुन्हा विचारलं, नक्की ना? दुसऱ्यानं पहिल्याचीच नोंद वाचून सांगितलं, नक्की, तुमच्याकडेच तशी नोंद आहे. दोघे आठवडाभर एकमेकांना खात्री देत होते. दुकानदार माल न्यायला गेला, तर दाराला कुलूप. तानाबाई लेकीच्या बाळंतपणाला पेठ वडगावला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी आपल्या दोघांना उंबऱ्यावर उभं करून जे सुनावलं, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. “गप बसलो म्हंजी व्हय म्हनलो, असं न्हाय. आनि मी तर गप बी न्हवतो बसलो. मी हितं न्हवतोच की! माझ्या तोंडातलं व्हय तुमी कुठनं काढलं?”

त्या दिवशी परतीच्या एसटीत तू फुटबॉलच्या सामन्याच्या हँडबिलामागे नियम लिहिलेस. कुणाच्या वतीनं बोलतोस ते आधी सांग. स्वतः ऐकलंस की अंदाज केलास, तेही सांग. आपलंच बोलणं दुसऱ्याकडून परत आलं तर तो पुरावा धरू नकोस. गप्प म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, पुन्हा विचार. खाली मी एक घातला होता: जे मागे घेता येत नाही, ते ज्याचं त्याला विचारल्याशिवाय करू नये. ते हँडबिल मी जपून ठेवलंय. का ठेवलंय, ते विचारू नकोस.

तर त्या नियमांनी मी उलटा माग काढायला बसले. काकांना विचारलं, मुलगा तयार आहे हे कुणी सांगितलं? म्हणाले, आत्यांनी. साडीच्या रंगाचं निमित्त करून आत्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “आता काय इचारतीस पोरी? तुमचं कॉलेजात आदीच जमलंय म्हनं की!” हे कुणी सांगितलं, तर काकांनी. काकांकडे परत गेले, तर ते म्हणाले, छे, हे तर आत्यांच्याच तोंडून ऐकलं. म्हणजे काका आत्यांच्या भरवशावर, आत्या काकांच्या. तुझ्या-माझ्या दाराला मात्र कुलूप.

खरं तर मला राग यायला हवा होता, मला न विचारता माझं लग्न ठरवलं म्हणून. आला, नाही असं नाही. पण काल तो नीट न्याहाळला, तेव्हा गोंधळच झाला. राग काकांवर नव्हताच. तू विचारलं नाहीस, याचा होता. कॉलेज संपतानाही विचारलं नाहीस. आणि त्याहून मोठा गोंधळ हा, की मीही विचारलं नाही. तू तिकडे आमटी घ्यायला उठला असशील, तर मला काय कळणार? कदाचित तिथे दुसरं कुणी असेल, आणि आत्यांच्या आनंदापुढे तुझी जीभ रेटत नसेल. तसं असेल तर सांग. काकांशी मी बोलेन, लाडू आम्ही खाऊन संपवू. मला वाईट वाटेल, पुष्कळ वाटेल, पण न विचारता आलेल्या नवऱ्यापेक्षा ते बरं.

म्हणून हे पत्र. आपल्या नियमांप्रमाणे लिहिते. पाठवणारी, विद्याश्री. कुणाच्या वतीनं, माझ्या स्वतःच्या. अंदाज नाही, स्वतः ऐकलेलं आहे, आत्ता लिहिता लिहिताच ऐकलं: माझं हो आहे. आता तुझं तू सांग, आत्यांकरवी नको. शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी ते हो धरणार नाही, नाहीही धरणार नाही. मी काकांना सुपारी थांबवायला सांगेन, बंगळूरची गाडी धरेन आणि तुझ्या दारात उभी राहून पुन्हा विचारेन.

नावाआधीचा शब्द तुझं उत्तर आल्यावर लिहीन, जागा ठेवली आहे,

…… विद्याश्री