न चाखलेली चाकोली

३ नोव्हें.
आबांचं पुण्यानुमोदन आटोपून नागपूरहून परतलो. इकडे आखातात, माहूजची खोली तशीच. वडील गेले तरी रडू आलं नाही, तिकडेही नाही. दुपारी ड्यूटी. हॉटेलात नवी वाइन आलीय, चाकोली. शेफ मिरेनच्या बास्क मुलखातली. पांढरी, जराशी फसफसती. बाटली डोक्याच्या वर धरून ओतायची, पेला खाली कमरेशी. पाण्यावर सराव केला. दोन पेले फुटले. काही वाटलं नाही.

७ नोव्हें.
जमलं. धार मोडत नाही. चव पाठ केली: हिरवं सफरचंद, लिंबू, शेवटी किंचित खारट. टेबलावर घडाघडा म्हणतो. नऊ वर्षं सगळ्याच वाइनचं असं, गाइड वाचून पास.
मिरेन म्हणाली, जानेवारीपासून वाइनचं काम तुझ्याकडे. ग्रेड वाढली की फॅमिली व्हिसा. बायको आणि लेक चिमी इथे! सुनीता फोनवर चारदा ‘खरंच?’ म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता.

११ नोव्हें.
घोळ. बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. वाटलं, हिचा असाच असेल. सफरचंद, लिंबू म्हणत ओतली. पाहुण्याने एक घोट घेऊन पेला सरकवला. “तू चाखलीस का ही?” बाटली बिघडलेली निघाली.

१२ नोव्हें.
मिरेनला खरं सांगितलं. कधीच नाही चाखली, कुठलीच. ती बघतच राहिली. “गिळू नकोस. तोंडात घे, थुंक. सगळे तेच करतात.” शनिवारी चारला तिच्यासमोर. नाहीतर परत स्टोअरला, खोकी उचलत.
आबा आधी खूप प्यायचे. मी दहावीत असताना पंचशील घेतलं, सोडली ती सोडली. मी इकडे निघालो तेव्हा म्हणाले, “विक. पोटासाठी आहे. पण जिभेला लावू नको.” हो म्हटलं. थुंकण्याचं विचारलं नव्हतं. आता कुणाला…

१४ नोव्हें.
सुनीताला सांगितलं. “तुम्ही ठरवा जी. चिमीनं तं बॅग काढून ठेवली.”

१५ नोव्हें., शनि. सकाळ
फोनवर पंचशील, रोजच्यासारखं, दोघांनी मिळून. चार शीलं झाली. पाचवं दारूचं. आवाजच निघेना. सुनीता थांबली. मग तिने एकटीने म्हटलं, सावकाश, शेवटपर्यंत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आबांची फार आठवण आली.
फोन ठेवला. युनिफॉर्मला इस्त्री केली. चारला अजून सहा तास आहेत.