आमच्या वर्गाला जाहिरात लागत नाही

१ नोव्हेंबर, सकाळी
सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. चप्पल न काढता, दारातूनच बोलले. माझ्या विणकामाच्या वर्गाला बावीस वर्षं दिलेली तळमजल्यावरची खोली आता व्यायामवालीला हवी आहे. तिच्याकडे माणसं जास्त, माझ्याकडे तीन. तीस तारखेपर्यंत बारा नावं द्या, नाहीतर खोली तिची, म्हणाले. मी नुसती हसले. बारा? एके काळी माझ्याकडे यायला बायका वर्षभर थांबायच्या.

२ नोव्हेंबर
भाची म्हणते, आत्या, मार्केटिंग कर. जणू मी साबण विकते. तिला सांगितलं, चांगलं काम स्वतःच बोलतं. ती म्हणाली, हो, पण कुणाशी बोलतं? आगाऊ आहे. हे पेपरामागे हसले. पेपरात हसण्यासारखं काही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

४ नोव्हेंबर
तरीही, समाजाची सोय म्हणून, पत्रपेट्यांच्या वर सूचना लावली. स्वतःच्या अक्षरात, चौदा नियमांसह. नियम सातवा : गंमत म्हणून येणाऱ्यांनी येऊ नये. नियम अकरावा : मशीनचा स्वेटर घालून वर्गात बसू नये.

७ नोव्हेंबर
कुणी आलं नाही. म्हणजे चौदाही नियम लोक वाचताहेत.

९ नोव्हेंबर
भाचीने दोनशे पत्रकं छापून आणली. संध्याकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहिले. दिसेल त्याच्या हातात कागद कोंबणं मला जमणार नाही. माणूस पारखून दिला. दीड तासात सहा लायक सापडले. सहाव्या बाईला पत्रक देताना तिच्या बाहीचा खांदा चुकलाय हेही सांगितलं, फुकट. तिने पत्रक परत दिलं. तेव्हा पाच.
उरलेली पत्रकं यांनी कपाटात अंथरायला घेतली.

१२ नोव्हेंबर, दुपारी
फोन. एका बाईला नातवासाठी टोपी विणायची आहे, बाळ जानेवारीत येणार. मी समजावलं : पहिले दोन महिने फक्त सुलट टाके. मग दोन महिने उलट. मग टोपीबद्दल बोलू. ती म्हणाली, तोवर त्याला दात येतील हो. मी म्हटलं, येऊ देत. फोन कट झाला. नेटवर्क अगदी टाकाऊ झालंय.

१५ नोव्हेंबर
व्यायामवालीने अंगणात फुकट दिवस ठेवला. फलकावर लिहिलंय : या, नाही जमलं तरी चालेल. काय ही पातळी. चाळीस बायका नाही जमलं तरी चालेल म्हणून आल्या आणि कुणालाच जमलं नाही. सगळ्या हसत होत्या. त्यांत माझी एक विद्यार्थिनी, बँकेतून निवृत्त झालेली, हात वर करून उड्या मारत होती. पडदा ओढून घेतला.

१७ नोव्हेंबर
भाचीला वर्गाचा फोटो हवा होता. हसा, म्हणाली. आम्ही टाके मोजत असताना हसत नाही. तिने तो फोनवर सगळ्यांना पाठवला. पहिलं उत्तर आलं : कोण गेलं?

२० नोव्हेंबर
शाळेतल्या सिस्टरची आठवण आली. माझी बाही त्यांनी तीनदा उसवली होती. चौथ्यांदा उलटी करून मागची बाजू पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातासाठी मी अजून विणते. हे पत्रकावर कसं छापणार? आणि कुणासाठी?

२४ नोव्हेंबर
मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले असताना भाचीने खोलीच्या दारावर पुठ्ठा लावला : चुकलेलं विणकाम घेऊन या, चहा पिता पिता दुरुस्त करू. परत येते तो आत नऊ बायका. अर्धे मफलर, एका बाहीचे स्वेटर, एकीचं तर काय आहे ते तिलाच सांगता येईना. टोपीवाली बाईही होती. भाचीने सगळ्यांची नावं लिहून घेतली होती. नऊ आणि तीन, बारा. सेक्रेटरींना उद्याच यादी देऊ, म्हणाली.
खरं सांगायचं तर दोन मिनिटं खोली जुन्या दिवसांसारखी वाटली.
पण बारा म्हणजे कोणतेही बारा नव्हेत. उद्या प्रवेश परीक्षा.

२५ नोव्हेंबर
परीक्षा झाली. प्रत्येकीचं काम उलटं करून मागची बाजू पाहिली. सात नापास. भाची म्हणाली, आत्या, अगं त्यांना येत नाही म्हणूनच त्या आल्यात. ही पिढी कारणं देण्यात पटाईत आहे. टोपीवाली जाताना म्हणाली, चहा मात्र छान होता.

३० नोव्हेंबर
सेक्रेटरींना पाच नावं दिली, पण अस्सल. ते म्हणाले, ताई, मला दर्जा कळत नाही, आकडा कळतो. उघडच आहे. किल्ली दिली. कपाट उद्या हलवतील.
वर्ग आता घरी घेईन. निवडक लोकांसाठी तेच बरं.

४ डिसेंबर
वर्गाची वेळ चार. कुणी नाही. साडेचारला यांनी विचारलं, चहा एकच टाकू का.

७ डिसेंबर
कळलं. बुधवारी सगळ्या भाचीच्या स्वयंपाकघरात जमतात. सात नापास, दोन पास आणि माझ्या तिघी. निव्वळ पाहणी म्हणून गेले. टेबलाभोवती जागा नव्हती, एकीने स्टूल दिलं. बँकवाली त्यांना सुलट टाका शिकवत होती, माझ्याच शब्दांत, पण हसत. टोपी जवळजवळ झाली होती. वाकडी.
भाची म्हणाली, आत्या, बरं झालं आलीस, ही लड जरा धर ना. मी दोन्ही हात पुढे केले. तिने लोकर हातांवर चढवली आणि टोपीवालीने तिकडून गुंडा करायला घेतला.
टोपीचा एक टाका निसटलेला दिसत होता. दाखवणार होते. हात अडकलेले होते.