दंताळ्याच्या रेघा

सोमवार, ३ मार्च

आज रुजू झालो. नवी वही, नवं पेन आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या एकट्याची खोली. बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीचं हे जुनं हजेरी ऑफिस. भिंती दोन फूट जाड, खिडक्या दोन, एक तळ्याकडे, एक मागे टेकडीकडे. दाराची कडी दोनदा तपासली, नीट बसते. खोली झाडली, पुसली, मग पुन्हा पुसली, कारण पहिल्या बादलीतलं पाणी विटकरी झालं होतं. दुसऱ्या बादलीतलंही झालं.

काम सोपं आहे. खाणीचे अवशेष बघायला येणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, कोणाला कठड्यापलीकडे जाऊ द्यायचं नाही आणि तळ्याचा काठ स्वच्छ ठेवायचा. साहेब शहरातून फोनवरच बोलले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. तळं डावीकडे आहे की उजवीकडे, हेही त्यांनी मलाच विचारलं. तीन महिने नीट काम केलं तर कायम करू म्हणाले. नववी नापास माणसाने आणखी काय मागावं? कायम झालो की ताईला इथेच आणायचं. आई गेल्यावर तिने शिवणयंत्रावर वाकून मला वाढवलं. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही.

तळं सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. निळं-हिरवं, तळ दिसेल इतकं नितळ. नितळ का, तर त्यात काहीच जगत नाही. शेवाळसुद्धा नाही. काठावर सरकारी पाटी: पाण्याला स्पर्श करू नये, मासे खाऊ नयेत, बसण्याची सोय पुढे आहे. मासे गेल्या तीस वर्षांत कोणी पाहिलेले नाहीत, पण पाटी लिहिणाऱ्याला त्याचं काय?

मंगळवार, ४ मार्च

माझ्या आधीचा राखणदार आळशी होता, याचा पुरावा घरभर आहे. न सांगता निघून गेला म्हणे. खुंटीवर सदरा तसाच, दाढीचं सामान तसंच, फक्त चपला नाहीत. कोठीत नवं कोरं दंताळं सापडलं, दांड्यावरचा कागदसुद्धा काढलेला नाही.

आणि काठ! बसथांब्यापासून माझ्या दारापर्यंत दहा मिनिटांची सरळ वाट असायला हवी. बांध फुटला तेव्हा खाणीचा तांबडा गाळ इथे पसरला आणि वाळून मैद्यासारखा झाला. त्या सगळ्या पट्ट्यावर काटेरी फांद्या, फुटके हंडे, पत्रे, मोडक्या खाटा, टायर. त्यामुळे मला खाणीच्या टाकाऊ दगडमातीच्या टेकडीला वळसा घालून मागच्या रस्त्याने चाळीस मिनिटं चालावं लागतं. गावाने काठाचा उकिरडा केला आहे. नाक दाबून राहायचं आणि वर घाण आपणच करायची, अशी ही माणसं.

जेवण बसथांब्याजवळच्या खानावळीत. चालवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. मी म्हणत नाही. दोन पोळ्यांसाठी नाती जोडायची मला सवय नाही.

शुक्रवार, ७ मार्च

तीन दिवसांत काठ साफ केला. एकट्याने. फांद्या एका कोपऱ्यात, पत्रे दुसऱ्या, लाकूड तिसऱ्या. गावातली माणसं कठड्याशी उभी राहून बघत होती. मदतीला एक हात पुढे आला नाही. खानावळवाली मात्र टेकडीला वळसा घालून दारापर्यंत आली. म्हणाली, बाळा, ते टाकलंय ते टाकूनच ठेव. काठ ओबडधोबडच बरा. मी विचारलं, का? म्हणाली, खालच्यांना वाट दिसते. मी म्हणालो, खालच्यांना वाट दिसते आणि वरच्यांना झाडू दिसत नाही. ती हसली नाही. अशा माणसांशी विनोद करण्यात अर्थ नसतो.

शनिवार, ८ मार्च

दंताळं फिरवलं. पाण्याकडून दाराकडे, उलटं चालत, म्हणजे आपलीच पावलं उमटत नाहीत. प्रत्येक रेघ दुसरीपासून चार बोटं. संध्याकाळी उन्हात सगळा काठ नव्या कापडासारखा दिसत होता. ताईला पत्र टाकलं: पुढच्या रविवारी, सोळाला, अकराच्या बसने ये. मागच्या रस्त्याने तंगडतोड करू नकोस. सरळ काठाने चालत ये, तुझ्यासाठी दिवाणखाना केलाय.

रविवार, ९ मार्च

सत्तावीस पाहुणे. एक बाई म्हणाल्या, इथली हवा किती शुद्ध, डास नाहीत. डासही जगत नाहीत हो, असं सांगावंसं वाटलं. एका गृहस्थांनी दगड फोडायच्या गिरणीच्या गंजक्या चाकापुढे बायकोला उभं करून नऊ फोटो काढले आणि गंजाचा रंग काय सुरेख आहे म्हणाले. ज्या पाण्याने गावाची दोन पिढ्यांची हाडं ठिसूळ केली, ते पाणी पार्श्वभूमीला. त्यांच्या मुलाने तळ्यात दगड मारला, तेव्हा मात्र मला उगाचच दचकायला झालं.

सोमवार, १० मार्च

सकाळी काठावर पावलं. एकाच माणसाची. खिळे ठोकलेले जाड बूट, तसले आता कोणी घालत नाही. पाण्यातून निघून चाळीस पावलं वर आली आहेत आणि थांबली आहेत. परतीची पावलं नाहीत.

गावातल्या टवाळांचं काम, दुसरं काय. कुठून तरी जुने बूट मिळवले, उलटं चालत पाण्यात गेले आणि बाहेर पडले टेकडीमागून. अक्कल गहाण ठेवलेल्या माणसांनाही एवढं सुचतं. रेघा पुन्हा मारल्या.

मंगळवार, ११ मार्च

आज चार जणांची. काल जिथे थांबली होती, तिथून पुढे ऐंशी पावलं. तीन बूट, एक रबरी चप्पल, डावी टाच आतून झिजलेली.

खानावळीत जाऊन सगळ्यांसमोर विचारलं की हा पोरखेळ कोणाचा. मग बाईने मला आत बसवलं आणि सांगितलं. बांध फुटला त्या दिवशी खाणीच्या तळाशी पाणी उपसणाऱ्या पंपावर अकरा जण होते. पाळी संपली होती, पण नियम असा की बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बदलीची पाळी चहा पीत बसली. तिचे सासरे त्या पाळीत होते. भोंगा ऐकून म्हणाले, एवढा घोट संपवू. तेवढ्यात गाळ आला. आता खालच्यांना वाट सापडली की ते हजेरी ऑफिसाकडे निघतात, सुट्टी मागायला. त्यांच्या वाटेवर ज्याचं पाऊल उमटेल, तो बदली. एका वेळी एकच सुटतो, मग बाकीचे पुन्हा खाली जातात. गेल्या वर्षी वाऱ्याने काठ आपोआप सपाट झाला आणि राखणदार त्यावरून बसथांब्याजवळच्या नळावर आंघोळीचं पाणी आणायला गेला. दुसऱ्या दिवशी गावाने घरातलं मिळेल ते आणून टाकलं, चांगल्या खाटासुद्धा.

मी म्हणालो, सासऱ्यांनी चहा प्यायला, त्याचं भूत अजून तुम्ही गावाला पाजताय. चारचौघात म्हणालो. ती एवढंच बोलली, की चपलेची कुठली टाच झिजलीय म्हणालास? आणि उठून चुलीकडे गेली.

बुधवार, १२ मार्च

मोजली. तीनदा मोजली. अकरा.

दहा बूट, एक चप्पल. सगळी एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभं राहावं तशी. दारापासून तीस पावलांवर. अंगठे दाराकडे.

रेघा मारायला आज बाहेर पडलो नाही. अंग दुखत होतं म्हणून. तसं इथे खरं लिहायचं ठरवलं आहे, तर— अंग दुखत नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी बारा. लख्ख ऊन. वारा नाही. खिडकीतून बघत होतो.

गाळ दबला. एक पाऊल. मग त्याच्या पुढे दुसरं. टाच आधी, मग चवडा, मग खिळ्यांच्या ठिपक्यांची रांग. वर कोणी नव्हतं. काहीच नव्हतं. मग दुसऱ्याचं. मग सगळ्यांचं, बरोबरीने. एक पाऊल टाकून थांबले.

टवाळ पोरं. मीच लिहिलं आहे वर. हुशार माणूस.

ताईचं पत्र आलं आहे, पोस्टमनने मागच्या खिडकीतून दिलं. रविवारी येते, काठानेच येते, तुझा दिवाणखाना बघायचाय म्हणते.

शुक्रवार, १४ मार्च

पहाट झाल्याझाल्या मागच्या खिडकीतून उतरलो, टेकडीला वळसा घातला, खानावळ गाठली. दारातच तोंडातून निघालं: मावशी, एक फोन करू द्या. तिने टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

ताईच्या शेजारणीने फोन उचलला. ताई कालच निघाली. वाटेत आत्याकडे तीन रात्री राहून तिथूनच रविवारची बस धरणार. आत्याकडे फोन नाही.

मावशीने फावडं दिलं. स्वतः आली, आणखी चौघं आली. हेच ते चौघं, ज्यांना मी काय काय म्हणालो आहे. बसथांब्याकडच्या टोकाने सुरुवात केली, कठड्यावर उभं राहून लांब दांड्यांनी उकरत, काठावर पाय न ठेवता. फांद्या परत टाकल्या. अंधार पडेपर्यंत पाव काठ झाला. मावशी म्हणाली, उरलेलं उद्या करू, रात्री माझ्याकडे झोप. मी नको म्हणालो. कायमची नोकरी, जागा सोडायची नाही. अजून ही अक्कल.

शनिवार, १५ मार्च

सगळा काठ सपाट. पाव काठही.

रेघा मारलेल्या आहेत. पाण्याकडून दाराकडे. प्रत्येक रेघ दुसरीपासून चार बोटं. फांद्या एका कोपऱ्यात, पत्रे दुसऱ्या, लाकूड तिसऱ्या.

माझं दंताळं कोठीत आहे. कोठीला कुलूप आहे. दात ओले आहेत.

मीच शिकवलं त्यांना.

मागच्या खिडकीखाली पाच जोड. पुढच्या दारात सहा. आज बाहेर पडता आलं नाही. पलीकडे मावशी आणि माणसं आलेली दिसली, दांडे घेऊन. काठ बघून उभीच राहिली.

रविवार, १६ मार्च

आठ वाजता— मावशी मागच्या टेकडीवरून ओरडून सांगत होती, ताईला बसमधून उतरूच देत नाही, तू घाबरू नकोस. हात हलवला मी.

दहा. बसथांबा मोकळा. मावशी उभी आहे.

साडेदहा. एक बस आली. अकराची नव्हे. दुसरी कुठली तरी. ती टेकडीच्या अलीकडेच थांबली, कठड्याच्या फाटकाशी. बाई उतरली. हातात पिशवी. मावशी पळते आहे, पण तिकडून इथे—

ताईच आहे. लवकरची बस मिळाली असणार. फाटक उघडलं तिने.

ओरडलो. तिने हात केला. हसली. ऐकू जात नाही तिला एवढ्या लांबून.

काठावर उतरली. पहिलं पाऊल. चांगलं खोल.

उंबऱ्यापाशी आवाज. गाळ घासल्याचा. खाली बघितलं. सहाही जोड वळले. अंगठे तळ्याकडे, तिच्याकडे. माझ्याकडे टाचा.

आठ दिवस त्यांच्या वाटेवर राबलो, पण उलटा चालत, स्वतःचं पुसत. सगळ्यांना तुच्छ लेखणाऱ्या माणसाला या लोकांनी मोजलंच नाही. बरोबर केलं त्यांनी.

ती चालते आहे. शेजारी कोणी असल्यासारखी मान वळवून बोलते आहे. कोणाशीही बोलते ती, लहानपणापासून. तिच्या पावलांच्या बाजूला चपलेचं पाऊल. डावी टाच—

अर्धी वाट आली.

एका वेळी एकच सुटतो. मग बाकीचे खाली जातात. एकच लागतो.

कडी काढली. दार उघडं आहे. वही उंबऱ्यावर ठेवून लिहितो आहे. बूट काढले, अनवाणी ठसा जास्त नीट उठतो. ताई, मागे फीर, माझ्याकडे बघू नकोस. उजवा पाय टाकला. दिसतो आहे, पाची बोटं. त्यांना हाक मारतो आता, बदली आली, बदलीचा माणूस आ